१४ वर्षांचा इमेल पत्ता स्पॅमला कंटाळून सोडून द्यायचा का?

पेडण्याची_ताई:
आज सकाळी मोबाइल उघडला तर ४३ मेल, त्यातले कामाचे दोन. बाकी समुद्राकाठी व्हिला घ्या, लोन मंजूर झालंय, कसिनोत फ्री कॉइन. आणि एक तर माझ्याच पत्त्यावरून मला आलेला, तुझा कॅमेरा हॅक केलाय बिटकॉइन पाठव म्हणून, त्यात माझा जुना पासवर्ड लिहिलेला. हातपाय गार पडले. धाकटा भाऊ म्हणतो ताई हा पत्ता सोड, नवा काढ. मला नाही पटत. बँक, आधार, आणि मोपा विमानतळ झाल्यापासून आम्ही आईच्या घरातल्या दोन खोल्या पर्यटकांना देतो त्याची बुकिंगं, सगळं ह्याच पत्त्यावर. उंदीर झाले म्हणून कोण घर सोडतं का? तुमचं मत सांगा.

म्हापसेकर७७:
ताई, भावाचं बरोबर आहे. पत्ता एकदा लीक झाला की त्या याद्या एकाकडून दुसऱ्याकडे विकल्या जातात, परत मागता येत नाहीत. तुमचा जुना पासवर्ड त्यांच्याकडे आहे म्हणजे कुठल्यातरी साइटचा डेटा फुटलाय. 'हॅव आय बीन प्वन्ड' नावाच्या साइटवर पत्ता टाकून बघा, कुठून फुटला ते बहुतेक कळेल. मी दोन वर्षांपूर्वी बदलला, एक अख्खा रविवार वही घेऊन बसलो, बँक, विमा, गॅस एकेक बदलत गेलो. आता नव्या पत्त्यावर एकही फालतू मेल नाही.

फोंडा_नेटवर्क:
नाही पटलं भाऊ. तुमचा नवा पत्ता स्वच्छ आहे कारण तो तुम्ही कोणाला दिला नाही. ताईंना पाहुण्यांना द्यावाच लागणार, सहा महिन्यांत तीच गत. आणि ताई, स्वतःच्या पत्त्यावरून मेल आला म्हणून घाबरू नका, पाकिटाच्या मागे कोणीही कोणाचंही नाव लिहू शकतो तसंच आहे ते. तो पासवर्ड अजून कुठे वापरात असेल तर मात्र आत्ताच्या आत्ता बदला आणि टू स्टेप, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक खात्री, चालू करा. उरलेल्यांना अनसबस्क्राइब करत सुटा, म्हणजे त्यांच्या यादीतून आपलं नाव काढा.

वाळपईचा_काका:
अनसबस्क्राइब अजिबात दाबू नका!! दाबलं की त्यांना कळतं ह्या पत्त्यावर माणूस जिवंत आहे, मग दुप्पट येतात. माझ्या बाबतीत झालंय. सरळ स्पॅम रिपोर्ट करायचं नि ब्लॉक.

फोंडा_नेटवर्क:
काका, फसव्या मेलच्या आतली लिंक दाबायची नाही हे शंभर टक्के खरं. पण ज्या दुकानात आपण स्वतः पत्ता दिलाय त्याचं वेगळं. २०२४ पासून जीमेल आणि याहूने नियम केलाय, ढिगाने जाहिरातीचे मेल पाठवणाऱ्यांनी एका क्लिकचं अनसबस्क्राइब द्यायचंच. पाठवणाऱ्याच्या नावाशेजारी जीमेलचं स्वतःचं बटण असतं, ते दाबा. आणि नुसतं ब्लॉक करून काय होतं, ते दर वेळी नव्या पत्त्यावरून येतात.

डिचोली_वकील:
सगळं आपणच का करायचं पण? नको असलेल्या कॉल आणि एसएमएसची तक्रार करायला ट्रायचा, म्हणजे दूरसंचार नियामकाचा, १९०९ नंबर आहे, इमेलला तसं काहीच नाही. २०२३ चा डेटा संरक्षण कायदा आहे, संमती मागे घेता येते असं त्यात लिहिलंय, पण लोकांनी तक्रार केली तर ना. प्रदर्शनात लकी ड्रॉच्या चिठ्ठीवर आपण इमेल लिहितो, तो व्हिलावाल्याकडे कसा पोचतो हे विचारायला नको?

पेडण्याची_ताई:
विचारायला हवंच, पण तोवर आमच्या खोल्या रिकाम्या राहतात त्याचं काय. काका म्हणतात तसं मी रिपोर्ट करत सुटले होते, लिंक असलेला परका मेल दिसला की स्पॅम. चतुर्थीच्या आधी आई म्हणाली ह्या वर्षी कोणी कसं विचारत नाही, म्हणून स्पॅम फोल्डर उघडला तर त्यात १९ दिवसांपूर्वीचा मेल, एका बाईने लिहिलेला, सासूबाईंना पायऱ्या चढवत नाहीत, खालची खोली पाच रात्री मिळेल का. उत्तर पाठवलं तर त्यांनी दुसरीकडे बुक केलं होतं. अजून ११ दिवस बघितलं नसतं तर तो आपोआप पुसलाच गेला असता, ३० दिवसांनी जातात. आई त्या खोलीच्या दारात फुलांच्या कुंड्या लावून बसलेली. म्हणून म्हणते, फालतू १० मेल आले तर चालतील, खरा एक जायला नको.

फोंडा_नेटवर्क:
मग फिल्टर लावा ताई. रूम, बुकिंग असे शब्द टाकायचे आणि 'कधीही स्पॅममध्ये पाठवू नका' वर टिक करायची. व्हिलावाले पण त्यातून थोडे घुसतील, ते सोसा. आणि पुढे दुकानात पत्ता देताना पत्त्यात @ च्या आधी अधिकचं चिन्ह लावून दुकानाचं नाव जोडा, मेल तुम्हालाच येतो आणि कोणी विकला ते कळतं.

म्हापसेकर७७:
मी अजून म्हणतो बँक तरी हलवा. पाहुण्यांचा आणि पैशांचा पत्ता एक नको, त्या धमकीवाल्यांना तोच पत्ता माहीत आहे.

पेडण्याची_ताई:
भाऊ, बँकेचं पटलं. जुना पत्ता पाहुण्यांसाठी राहील, तो मी सोडत नाही. पासवर्ड बदलला, फिल्टर धाकट्या भावाकडून आत्ता लावून घेतेय, तो शेजारीच बसलाय.