तिजोरीला भोक, पण अर्धंच

कोणीतरी लिहिलंय की कार्बन कमी करायचं खूळ म्हणजे राज्याच्या तिजोरीला भोक. अर्धं खरंय. एप्रिल २०२२ ला सीएनजीवरचा व्हॅट १३.५ वरून ३ टक्के केला, तेवढा महसूल गेलाच की. पण शेतीपंपाचं गणित उलटंय बघा, तिथली वीज आधीच सवलतीची आणि त्याचा बोजा क्रॉस सबसिडी (एकाची सवलत दुसऱ्याच्या दरातून भरून काढणं) म्हणून नाशिकच्या सातपूर-अंबडच्या कारखान्यांच्या बिलात, मग फीडर (पंपांना वीज देणारी लाइन) सोलरवर गेला तर हा बोजा हलकाच व्हायला पाहिजे ना. शिवाय सोलरमुळं निफाडकडं द्राक्षांना दिवसा पाणी, रात्री बिबट्याच्या भीतीनं मोटर चालू करायला जाणं वाचतं (हे कुठल्या बजेटात धरणार?). मला खरी काळजी नाशिकजवळच्या एकलहऱ्याच्या कोळशावरच्या वीजकेंद्राची, २१० मेगावॅटचे जुने संच, ते बंद पडले तर तिथले कंत्राटी कामगार, टपरीवाले, त्यांच्या तरतुदीचं कोणी बोलतच नाही.