मदत हवी आहे: गोल विमान हातातून सुटलं की मागे कोलांटी मारतं

चक्री:
लवकर सांगा. रिमोटवरचं गोल विमान बनवलंय, अगदी जेवणाच्या ताटासारखं. फेकलं की नाक वर, मग मागे कोलांटी, आणि पाठीवर आपटतं. पाच वेळा झालं, दोन प्रॉप (पुढचे पंखे) गेले. मोटर ए२२१२, १००० केव्ही (दर व्होल्टला मिनिटाला हजार फेरे), ताकद भरपूर. सेटिंग सगळं बरोबर आहे. भाचा रविवारी परत जाणार, त्याआधी उडवून दाखवायचंय.

सोल्डरकाका:
व्यास? वजन? सीजी, म्हणजे वजनाचा तोल, कुठे? एलेव्हॉन (मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्या) किती वर? फोटो टाका.

चक्री:
सीजी बरोबर आहे, बोटावर तोलून पाहिलंय. डेप्रॉन (फोमचा पत्रा) ६ मिमी, वजन ४०० ग्रॅम.

मुळाकाठ:
शेपूट लावा. माझा वीस वर्षांचा अनुभव सांगतो, शेपटाशिवायचं विमान म्हणजे सुताशिवायचा पतंग.

चक्री:
शेपूट लावलं तर ते गोल विमान कसलं?

उडनछू:
जायरो (विमानाचं डोलणं आपोआप सावरणारं यंत्र) लावा. माझं बिनशेपटाचं फ्लाइंग विंग असंच डोकं फिरल्यागत करायचं, जायरो लावल्यावर शांत झालं.

सोल्डरकाका:
जायरो लावला म्हणून सीजी पुढे सरकत नाही. चक्री, "बोटावर" म्हणजे नाकापासून किती सेंमीवर? आणि व्यास अजून सांगितला नाहीत.

भटक्या_६९:
गोल विमान म्हणजे आठवलं, आपल्या तळपद्यांनी १८९५ साली गिरगाव चौपाटीवर…

मुळाकाठ:
समकालीन पुरावा घेऊन वेगळा धागा काढा. इथे माणूस अडलाय.

नाना_पुणेकर:
गोल विमानं उडतात. अमेरिकेत चार्ल्स झिमरमनने आखलेलं व्हॉट व्ही-१७३ नोव्हेंबर १९४२ मध्ये उडालं, लोक त्याला उडता पॅनकेक म्हणायचे.

मुळाकाठ:
त्यालाही मागे दोन उभे कल्ले होतेच की!

नाना_पुणेकर:
उभा कल्ला नाक डावी-उजवीकडे सांभाळतो. चक्रींचं दुखणं वर-खालीचं आहे.

चक्री:
व्यास ६०. तोल २८ वर. मध्य ३० ला येतो, तिथे आणायला बॅटरी मागे सरकवली होती, पण दोन सेंमी राहिले. तेवढ्याने काय होतंय?

सोल्डरकाका:
अरे देवा. दोन सेंमी राहिले ते बरंच झालं म्हणायचं. वर्तुळाचा मध्य भूमितीत. हवा पंखाला उचलते ती सरासरी जीवेच्या, म्हणजे पंखाच्या पुढून मागे सरासरी रुंदीच्या, पुढच्या पाव भागाशी. ६० च्या ताटाला ते ठिकाण नाकापासून साधारण १७ सेंमीवर येतं, आणि इतक्या बुटक्या पंखाला त्याच्याही थोडं पुढे. वजनाचा तोल त्याच्या पुढे हवा. तुमचा पार मागे आहे, म्हणून नाक जरा उचललं की उचलतच जातं. बॅटरी नाकाशी आणा, तोल १४ वर येईल असं बघा. मग दोन्ही एलेव्हॉन ३-४ मिमी वर ठेवा, नाहीतर आता उलट नाक जमिनीत घुसेल. पहिला प्रयोग मोटर बंद ठेवून, उंच गवतावर.

कुंभार_वाडा:
अवांतर: डेप्रॉन पुण्यात कुठे मिळतं? आणि थर्माकोलला फेविक्विक लावू नका कुणी, अख्खा पंख खाऊन टाकतं. माझ्या स्पिटफायरला आता डावा पंख नाही.

उडनछू:
तरी जायरो लावा.

चक्री (शनिवार, रात्री ११):
१४ वर आणलं. बॅटरी एवढी पुढे गेली की मोटरच्या वायरी तिच्यावर चेपल्या गेल्या, मोटरचा वेग सांभाळणारा ईएससीही हलवावा लागला. गवतावर मोटर बंद ठेवून तीनदा सोडलं, ताट लोणी कापल्यासारखं सरळ गेलं. चौथ्यांदा अर्धा थ्रॉटल दिला आणि दोन पूर्ण फेऱ्या मारल्या. सोल्डरकाका, पाया पडतो. भाचा वेडा झाला.

तिसऱ्या फेरीला बाभळीत अडकलंय. आमच्याकडचा बांबू पोचत नाही. उद्या सकाळी आठच्या आत कुणाकडे वीस फुटी मिळेल का?

मुळाकाठ:
माझ्याकडे आहे. पण कोणत्या गावात आहात तेच कुठे सांगितलंत?