क्रॉफर्ड मार्केट बघून आलो. आपल्या शिवाजी मंडईचं काय करायचं?

कृष्णाकाठ
गेल्या आठवड्यात लग्नाच्या खरेदीसाठी मुंबईत होतो. सीएसएमटीवरून चालत क्रॉफर्ड मार्केटला गेलो. पाटीवर महात्मा जोतिबा फुले मंडई, पण टॅक्सीवाल्यापासून सगळे जुनंच नाव घेतात. इमारत १८६९ ची. दुरुस्तीनंतर दगड इतका उजळलाय की दारावरची शिल्पं मी पहिल्यांदा नीट पाहिली. लॉकवुड किपलिंग यांनी घडवलेले राबणारे शेतकरी आहेत ते. आजवर त्यांच्याखालून किती वेळा गेलो असेन, मान वर केली नव्हती. आत उंच छतातून उजेड खाली उतरतो. एक फळवाला एकेक डाळिंब फडक्यानं पुसून रचत होता, त्याला बल्बची गरज नव्हती.

माझं स्पष्ट मत : सांगलीतही शिवाजी मंडई अशीच नीट करावी आणि मग मारुती रोडवर भाजी विकणं पूर्ण बंद करावं. एवढा मोठा रस्ता, पण संध्याकाळी पाय ठेवायला जागा नसते.

मारुती_रोड
दादा, माझी आई त्याच रस्त्यावर बसते, म्हणून लिहिते. एकदा त्यांना रस्त्यावरून उठवून आतले ओटे दिले होते. पंधरा दिवस बसली. मेथीच्या पेंढ्या संध्याकाळपर्यंत माना टाकायच्या, ओलं गोणपाट टाकून टाकून किती टिकणार? गिऱ्हाईक गाडीवरून उतरतच नाही हो. पाय खाली टेकवायचा, "मावशी, पावशेर मिरची द्या" म्हणायचं आणि निघायचं. दुपारपर्यंत भवानी झाली नाही की आई परत रस्त्यावर. तिला हौस नाही उन्हात बसायची. आधी गिऱ्हाइकाची गाडी लावायची सोय करा, मग आमच्या पाट्या उचला.

मिरजकर
खर्चाचं कोणीच बोलत नाही. ज्यांचं नाव क्रॉफर्ड मार्केटला आहे, ते जोतिराव १८७६ ते १८८२ पुणे नगरपालिकेचे सभासद होते. पुण्यातल्या मंडईवर एवढा पैसा घालायला त्यांनी विरोध केला होता. तो शिक्षणाला द्या, हे त्यांचं म्हणणं. पुढे त्या मंडईलाही त्यांचंच नाव मिळालं. पालिकेच्या शाळा गळत असताना दगड घासायला पैसे काढणं मला पटत नाही.

कृष्णाकाठ
@मिरजकर, जोतिरावांचा दाखला मान्य, पण तो इथे उलटाही लागू होतो. मंडईत बसतंय कोण? ज्यांच्यासाठी ते भांडले तेच कष्टकरी. पहाटे पाचला सौद्यातून माल उचलून रात्री नऊपर्यंत बसणाऱ्या बाईला जवळ स्वच्छतागृह नाही, म्हणून ती दिवसभर पाणी पीत नाही. तिच्यासाठी संडास, नळ आणि छप्पर केलं तर ती उधळपट्टी कशी?

हरिपूर_रस्ता
तुम्ही सगळे पुराचं विसरलात. २०१९ ला कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, २०२१ ला पुन्हा आलं. मारुती चौकात होड्या चालल्या. आपल्याकडे नूतनीकरण म्हणजे चकचकीत टाइल्स आणि जिप्समचं छत, एका पुरात सगळं कचऱ्यात. मुंबईची इमारत दीडशे वर्षं उभी आहे ती दगडाची म्हणून. इथेही ओटे दगडी करा, फरशी शहाबादी, पाइप मारला की गाळ निघून जाईल अशी. विजेचे मीटर माणसाच्या डोक्याच्या बरेच वर. आणि गटार बांधताना नदीचं पाणी त्यातूनच उलटं आत येतं, हे आधी ध्यानात घ्या.

मिरजकर
हे पटलं. पाणी, संडास, गटार एवढ्यावर खर्च करणार असाल तर माझा विरोध नाही. कमानी आणि रोषणाईला मात्र आहे, राहील.

कृष्णाकाठ
रस्ता मोकळा व्हावा हे माझं मत अजून तेच आहे. पण आधी उठवा आणि मग सोय करा, हे चुकीचं, ते मागे घेतो. @मारुती_रोड, ताई, आईंची बसायची जागा सांगा, रविवारी येतो. ओटा केवढा हवा, किती उंच हवा, त्यांनाच विचारून टेपनं मोजून घेऊ. निवेदनात तेच माप लिहू.

मारुती_रोड
या. पण सातच्या आत या. नंतर गिऱ्हाइकं सुरू झाली की ती कोणाशी बोलत नाही.