स्वतः निवडलेला त्याग आणि न मागता आलेला क्रूस

प्रश्न : शुश्रूषा

सर्वांना सप्रेम नमस्कार. उपवासकाळ, म्हणजे ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा काळ, मी लहानपणापासून मनापासून पाळत आले आहे. भस्म बुधवारचा व गुड फ्रायडेचा उपवास, शुक्रवारी मांसाहार वर्ज्य, आवडीच्या एखाद्या गोष्टीचा चाळीस दिवस त्याग, क्रूसाची वाट (येशूच्या दुःखसहनाची भक्ती) आणि पापनिवेदन यांत सहसा खंड पडलेला नाही. सध्या मात्र आईची शुश्रूषा माझ्याकडे आहे. तिला स्मृतिभ्रंश झाला आहे. ती रात्री-अपरात्री उठून दाराची कडी काढू लागते, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारते आणि मी तोंडात घातलेली गोळी कधी कधी माझ्याच हातावर थुंकते. या काळात माझी प्रार्थना पार कोरडी पडली आहे; रोझरीची माळ हातात घेते, पण पहिल्या काही मण्यांपुढे मन जात नाही.

माझ्या दोन शंका आहेत. खऱ्या परीक्षेच्या वेळी मनाला बळ मिळत नसेल, तर इतकी वर्षे केलेल्या त्यागाचा उपयोग काय झाला? आणि हे दुःख दूर कर अशी प्रार्थना करणे म्हणजे क्रूस, म्हणजे वाट्याला आलेले दुःख, नाकारणे होते का? देवाने पाठवलेले दुःख हसतमुखाने घ्यावे, सुटका मागू नये, असे मला एका वडीलधाऱ्या व्यक्तीने सांगितले. तेव्हापासून मी प्रार्थनेत काहीही मागणे सोडून दिले आहे.

उत्तर : धर्मशिक्षक

ताई, दुसऱ्या शंकेचे उत्तर आधी देतो, कारण त्या सल्ल्यामुळे तुमचे मागणेच थांबले आहे आणि ते लवकर पुन्हा सुरू व्हायला हवे. गेथशेमाने बागेत प्रभू येशूने स्वतः पित्याकडे हा दुःखाचा प्याला दूर करण्याची विनंती केली, तीही एकदा नव्हे. ‘तरी माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या इच्छेप्रमाणे होऊ दे’ हे शब्द त्या विनंतीला जोडून येतात, तिच्या जागी येत नाहीत. संत पौलानेही आपल्या देहातील काटा निघावा म्हणून प्रभूला तीनदा विनवले; काटा निघाला नाही, पण कृपा पुरेशी आहे हे उत्तर त्याला मिळाले ते विनवल्यानंतरच. तेव्हा मागणे आणि समर्पण एकाच प्रार्थनेत नांदतात, आणि जे दुःख आपण देवासमोर उघडपणे मांडत नाही ते समर्पित तरी कसे करणार?

दुःख हे स्वतःहून चांगले असते असे कॅथलिक ख्रिस्तसभा शिकवत नाही. पोप जॉन पॉल दुसरे यांनी 1984 मध्ये मानवी दुःखाच्या ख्रिस्ती अर्थावर प्रेषितीय पत्र लिहिले. ख्रिस्ताच्या दुःखाशी जोडलेले आपले दुःख तारणकार्यात सहभागी होते, हे ते विस्ताराने सांगतात. मात्र त्याच पत्राच्या अखेरच्या भागात ते वाटेत जखमी पडलेल्या अनोळखी माणसाची सेवा करणाऱ्या दयाळू शोमरोन्याच्या दाखल्याकडे वळतात आणि दुःखितांचे दुःख हलके करणे हे प्रत्येकाचे कर्तव्य ठरवतात. तुम्ही सध्या या दोन्ही भूमिकांत आहात: स्वतः सोसता आहात आणि सोसणाऱ्या आईची सेवाही करता आहात.

उत्तर : कार्मेलवाचक

कोरड्या प्रार्थनेविषयी लिहावेसे वाटते. फ्रान्समधील लिझ्यूच्या कार्मेल मठातल्या संत तेरेजाला 1896 च्या ईस्टरच्या सुमारास श्रद्धेच्या अंधाराने घेरले आणि क्षयाने जर्जर झालेल्या या तरुण धर्मभगिनीला सप्टेंबर 1897 मध्ये मृत्यू येईपर्यंत तो अंधार सुटला नाही. स्वर्ग आहे की नाही, असा प्रश्न मनात घोंघावत असताना ती विश्वासाची कृत्ये करत राहिली. विश्वास भावनेवर टिकत नसून इच्छाशक्तीने दिलेल्या होकारावर टिकतो, हे तिच्या शेवटच्या दीड वर्षात जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच कुठे दिसत असेल.

तिचा त्यागही पाहण्यासारखा आहे. ध्यानाच्या वेळी तिच्या मागे बसणारी एक भगिनी सतत एक विचित्र, बारीक आवाज करत असे. तेरेजाला मागे वळून पाहण्याची इतकी तीव्र इच्छा होई की ती आवरताना तिला घाम फुटे. तरी ती वळली नाही. पुढे तिने तो आवाज टाळण्याऐवजी एखादे सुरेल संगीत असावे तसा लक्षपूर्वक ऐकायचे ठरवले आणि ते ऐकणेच येशूला अर्पण केले. कपडे धुताना समोरची भगिनी घाण पाण्याचे शिंतोडे तिच्या तोंडावर उडवी, तेव्हाही ती मागे सरली नाही. यातले काहीही तिने शोधून आणलेले नव्हते. तुमच्या हातावर पडणारी गोळी मला याच रांगेतली वाटते.

एक सावधगिरी मात्र हवी. क्रूसाच्या संत योहानांना, त्याच कार्मेल संघातील स्पॅनिश संताला, 1577 च्या डिसेंबरात त्यांच्याच संघातील विरोधकांनी पकडून स्पेनमधील तोलेदोत एका अंधाऱ्या खोलीत कोंडले होते, आणि ऑगस्ट 1578 मध्ये ते तिथून निसटले. आत्म्याच्या अंधाऱ्या रात्रीविषयी, म्हणजे देव जवळ जाणवत नाही अशा शुद्धीच्या काळाविषयी, लिहिणारे हे संत प्रत्येक कोरडेपणाला ती रात्र म्हणत नाहीत. देवाच्या गोष्टींत गोडी नाही आणि जगाच्या गोष्टींतही नाही, आपण देवाची सेवा नीट करत नाही ही टोचणी आहे, आणि पूर्वीसारखे मनन जमत नाही, अशी लक्षणे ते एकत्र पाहायला सांगतात. अपुऱ्या झोपेमुळेही मन कोरडे पडते. तुमच्या बाबतीत दोन्ही एकत्र असू शकते, म्हणून आध्यात्मिक मार्गदर्शकाशी बोला आणि झोपेची काही सोय लावा.

उत्तर : मध्यममार्गी

पहिली शंका तशीच राहिली आहे. ताई, त्यागाचे फळ शांत भावनेत शोधू नका. रात्री आईचा आवाज येताच अंथरुणातून उठणारी जी इच्छाशक्ती आहे, तिला ‘नाही’ म्हणायची आणि ‘हो’ म्हणायची सवय कुठे लागली? आवडीची वस्तू समोर असताना हात आवरला, त्या प्रत्येक वेळी ती घडत होती. लूकच्या शुभवर्तमानात क्रूस ‘दररोज’ उचलायला सांगितले आहे, आणि दररोज उचलला जाणारा क्रूस बहुधा असाच, गोडी न वाटता उचलला जातो. येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस सांगतात की उदासीनतेच्या, म्हणजे प्रार्थनेत गोडी न वाटण्याच्या, काळात आधी केलेला निश्चय बदलू नये. ते उदासीनतेची तीन कारणेही देतात: आपली हयगय, आपली पारख, आणि समाधान ही आपली कमाई नसून देणगी आहे याची जाणीव. तुमचे लिखाण वाचून पहिले कारण मला तरी दिसत नाही.

आता माझे स्पष्ट मत. या वर्षी नवा त्याग निवडू नका. इग्नेशियसांनी स्पेनमधील मान्रेसा येथे अतिरेकी उपवासांनी आपली प्रकृती बिघडवून घेतली आणि पुढे इतरांना संयमाचाच सल्ला दिला. संत फ्रान्सिस द सेल्स तर म्हणतात की मुद्दाम वाईट अन्न निवडण्यापेक्षा समोर वाढलेले खाणे हा मोठा संयम, कारण त्यात निवडही आपली राहत नाही. तुमच्या समोर पुष्कळ वाढलेले आहे. एखाद्या बहिणीने किंवा शेजाऱ्याने रात्र वाटून घेण्याची तयारी दाखवली, तर ‘मीच करते’ हा हट्ट सोडणे हीदेखील आत्मत्यागाची कृती आहे. आणि माझ्या अनुभवाने सांगतो, ती उपवासापेक्षा अवघड जाते.

शुश्रूषा

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. आज कित्येक दिवसांनी देवाकडे काहीतरी मागितले. आणखी एक विचारते: गुड फ्रायडेला मी पूर्ण उपवास केला नाही, तर ते पाप ठरेल का? त्या दिवशी रात्र जागून काढल्यावर मला भोवळ येते.

उत्तर : धर्मशिक्षक

1983 च्या धर्मसंहितेनुसार (ख्रिस्तसभेच्या कायद्यानुसार) भस्म बुधवार व गुड फ्रायडे या दोन दिवशी उपवास बंधनकारक आहे, तो वयाची अठरा वर्षे पूर्ण झाल्यापासून साठावे वर्ष लागेपर्यंत. मांसवर्जनाचा नियम चौदा वर्षे पूर्ण झाल्यावर लागू होतो. प्रचलित प्रथेनुसार उपवासाच्या दिवशी एक पूर्ण जेवण घेता येते आणि त्याखेरीज दोनदा थोडे खाता येते, म्हणजे ‘पूर्ण’ उपवास कोणाकडूनही अपेक्षित नाही. प्रकृतीला अपाय होत असेल तर हे बंधन उरत नाही. मनाला रुखरुख लागत असेल तर आपल्या धर्मग्रामाच्या फादरांना भेटा. योग्य कारण असल्यास उपवासातून सूट देण्याचा किंवा त्याऐवजी दुसरे पुण्यकृत्य सुचवण्याचा अधिकार धर्मसंहितेने त्यांना दिला आहे. भोवळ येते हे कारण त्यांना आवर्जून सांगा, आणि तेच डॉक्टरांच्याही कानावर घाला.