आईने माझ्याशी बोलू नये, हे ठरवणारे हे कोण?

निशिगंध

सहा वर्षांपूर्वी मी आमच्या घराचा पंथ सोडला. पंथाचं नाव लिहीत नाही, कारण आई अजून तिथेच आहे आणि माझ्या लिहिण्याचा जाब तिला विचारला जाईल.

आजोबांपासून आम्ही त्यात. रविवारची बैठक चुकवायची नाही, कमाईतला ठरलेला वाटा द्यायचा, सोयरीक आतच करायची. नोकरीसाठी गाव सोडायचं तरी आधी विचारायचं. मला बंगळूरला बदली मिळत होती. "घेऊ नकोस" असा निरोप आला. मी अर्ध्या पानाचं पत्र लिहून बाहेर पडले. पुढच्या रविवारी ते पत्र बैठकीत वाचून दाखवलं आणि सांगितलं, की हिच्याशी जो बोलेल, जेवेल, त्याचंही नाव वगळण्यात येईल. त्याच रात्री भावाने मला घरच्या ग्रुपमधून काढलं. मामेबहिणीचं लग्न झालेलं मला फोटोवरून कळलं.

गेल्या पावसाळ्यात एका अनोळखी नंबरवरून फोन आला. "बरी आहेस ना? जेवतेस ना वेळेवर?" आणि कट. मी लगेच उलटा फोन लावला. उचलला तो मंडईतल्या भाजीवाल्या मावशींनी. म्हणाल्या, "ताई, त्या गेल्या आत्ताच. कोथिंबीर घेतली न् फोन मागितला."

मला सभासद म्हणून काढलं, याबद्दल माझी तक्रार नाही, मीच निघाले होते. पण माझ्या आईने माझ्याशी बोलू नये हा हुकूम देण्याचा हक्क कुणालाही नसावा, आणि असा हुकूम देणं हा गुन्हा मानला जावा. तुम्हाला काय वाटतं?

घाटमाथा

तुमच्याबद्दल वाईट वाटतं, पण मागणी पटत नाही. मी वकिली करतो.

हा वाद आपल्याच राज्यात फार आधी झाला आहे. मुंबई प्रांताने 1949 मध्ये बहिष्कार प्रतिबंधक कायदा केला. दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंनी त्याला आव्हान दिलं आणि 1962 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी तो कायदा रद्द ठरवला. धर्माच्या कारणावरून एखाद्याला बाहेर काढणं हा पंथाच्या अंतर्गत कारभाराचा भाग आहे आणि राज्यघटनेचं कलम 26 त्याला संरक्षण देतं, असं बहुमताचं म्हणणं.

मला ते बरोबर वाटतं. कुणाशी संबंध ठेवायचे हे ठरवायचा अधिकार माणसाला आणि संस्थेला नसेल, तर मग धर्मस्वातंत्र्य उरलं कुठे? आज तुमच्या पंथाच्या बैठकीत पोलीस जातील, उद्या कुणाच्याही मठात, मशिदीत, चर्चमध्ये जातील. शिवाय आईने स्वतःहून बोलणं टाकलं की कुणी सांगितलं म्हणून, हे कोर्टात सिद्ध कसं करणार? आईलाच साक्षीला उभी करणार का?

पाचाड

घाटमाथा, तुम्ही अर्धंच सांगितलंत. त्या निकालात सरन्यायाधीश सिन्हा यांचं वेगळं मत होतं. बहिष्कृत माणसाची अवस्था अस्पृश्यासारखी होते, म्हणून कायदा टिकायला हवा, असं त्यांनी म्हटलं. बोहरा समाजातल्या सुधारकांनी 1986 मध्ये पुन्हा याचिका केली आणि 2023 मध्ये पाच न्यायाधीशांनी हा प्रश्न नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडे पाठवला. म्हणजे 1962 हा काही शेवटचा शब्द नाही.

मी रायगड जिल्ह्यात गावकीने वाळीत टाकलेल्या कुटुंबांबरोबर बरंच काम केलंय. ज्यांनी ते पाहिलं नाही, त्यांना 'अंतर्गत कारभार' म्हणणं सोपं जातं. गणपतीत शेजारच्या घरी आरती चालू आहे, आवाज आपल्या ओटीवर येतोय, आणि आपल्या पोरांना तिथे जायची मुभा नाही. एका घरी म्हातारी गेली तेव्हा तिरडीला खांदा द्यायला तालुक्याहून भाच्यांना बोलवावं लागलं. तिरडी बांधायला कुणी आलं नाही, म्हणून ती आम्ही कार्यकर्त्यांनी बांधली. सुतळी कशी आवळायची हे मला त्या दिवशी कळलं.

महाराष्ट्राने 2016 मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला, तो 2017 मध्ये लागू झाला. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. गुन्हा दखलपात्र आहे. जातपंचायतींच्या विरोधात अंधश्रद्धा निर्मूलन समितीने जी मोहीम चालवली तिचा त्यात मोठा वाटा. आमच्याकडे पूर्वी गावकीच्या वहीत दंडाची रक्कम लिहिलेली सापडायची. आता वहीत कुणी लिहीत नाही, तोंडीच सांगतात. पण भीती थोडी इकडची तिकडे सरकली, एवढं नक्की.

साधक६२

मी दुसऱ्या बाजूचा माणूस आहे. माझ्या मुलाने आमचा मार्ग सोडला, त्याला चार वर्षं झाली. मी त्याच्याशी बोलत नाही. मला कुणी हुकूम दिलेला नाही.

तुम्ही सगळे असं धरून चालता, की आत राहिलेला माणूस एकतर घाबरलेला असतो नाहीतर भ्रमात असतो. माझ्या बाबतीत दोन्ही खरं नाही. व्यसनात बुडालो होतो, तिथून मला या मार्गाने बाहेर काढलं. माझ्या बायकोच्या आजारपणात अडीच महिने रोज कुणी ना कुणी डबा घेऊन दवाखान्यात यायचं. ती माणसं माझी आहेत. मुलाने घरात बसून त्याच माणसांना ढोंगी म्हटलं. मी काय करायला हवं होतं? काही झालंच नाही असं समजून त्याला जेवायला वाढायचं?

मी बोलणं टाकलं ते त्याने विचार करावा म्हणून, सूड म्हणून नव्हे. तो परत आला तर दार उघडंच आहे. माझ्या मौनाला गुन्हा ठरवू नका. ते मौन पाळणं मलाही सोपं जात नाही.

उंबरठा

मी ऑस्लोजवळ राहते. इथे हाच प्रश्न निराळ्या वाटेने कोर्टात गेला. नॉर्वेत नोंदणी झालेल्या सगळ्या धार्मिक समुदायांना सरकार सभासदांच्या संख्येनुसार अनुदान देतं. 'यहोवाज विटनेसेस' या ख्रिस्ती पंथातून बाहेर पडणाऱ्यांशी आतल्यांनी संबंध तोडायचे ही त्यांची शिकवण आहे. त्यामुळे माणूस मोकळेपणाने बाहेर पडू शकत नाही आणि बाप्तिस्मा घेतलेल्या मुलांच्याही हक्कांवर गदा येते, असं म्हणून सरकारने 2022 मध्ये अनुदान नाकारलं आणि वर्षाखेरीस नोंदणीही काढून घेतली. 2024 मध्ये ऑस्लोचं कोर्ट सरकारच्या बाजूने उभं राहिलं, 2025 मध्ये अपील कोर्टाने निकाल उलटा फिरवला.

तो पंथ दुष्ट आहे असं मला म्हणायचं नाही. याच पंथाच्या केरळमधल्या तीन मुलांनी शाळेत राष्ट्रगीताच्या वेळी उभं राहूनही ते गायलं नाही म्हणून त्यांना काढलं होतं, तेव्हा 1986 मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या सदसद्विवेकाची बाजू घेतली होती. आतल्या माणसाचा सदसद्विवेक आपण जपला. मग बाहेर पडणाऱ्याचाही तोच सदसद्विवेक असतो ना?

मला इथली कल्पना आवडली. सरकारने घरात शिरायचं नाही, पण माणूस सोडून गेला की त्याच्या घरच्यांना तोडायला लावणाऱ्या संस्थेला सवलत आणि अनुदान का द्यावं?

घाटमाथा

उंबरठा, अनुदानाचा मुद्दा मान्य. तिथे मी तुमच्याबरोबर आहे. शिक्षेचा मात्र मान्य नाही.

मधुमालती

कायद्याचं मला फारसं कळत नाही. पण कवी ना. वा. टिळक आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांचं सांगते. 1895 मध्ये त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाईंचं घर एका दिवसात मोडलं. नातेवाईक, समाज, सगळे एका बाजूला. तरी पुढे त्या नवऱ्याकडे परतल्या, आणि परतल्या तेव्हा ख्रिस्ती झाल्या नव्हत्या. सोवळं-ओवळं सांभाळत त्याच्याजवळ राहिल्या. स्वतःचा बाप्तिस्मा 1900 साली, स्वतःच्या मनाने घेतला.

साधककाका, तुमच्याशी वाद घालायचा नाही. पण त्यांच्या घरात दोन धर्म काही काळ एका छपराखाली नांदले. मुलाचं मत पटत नाही आणि तरी तो समोर बसून जेवतो, असं होऊ शकतं. होत आलंय.

निशिगंध

काका, तुमचं वाचून मी दोन दिवस काही लिहिलं नाही.

तुम्ही स्वतःहून बोलणं टाकलंत, म्हणजे मी म्हणते तो गुन्हा तुमच्याकडून झालेला नाही. माझी आई तुमच्यासारखी स्वतःच्या मनाने गप्प असती, तर मी रडले असते, भांडले असते, पण हा धागा काढला नसता. तिने भाजीवालीचा फोन का मागितला? स्वतःच्या फोनवरून का नाही केला? तो फोन भाऊ तपासतो, आणि भावाला बैठकीत जाब विचारतात. तिचं मौन तिने निवडलेलं नाही. घाटमाथा, तुम्ही विचारलंत की आईला साक्षीला उभी करणार का. नाही. पत्र वाचून दाखवलं तेव्हा हॉलमध्ये शंभराच्या वर माणसं होती. हुकूम तिथे दिला गेला. साक्ष त्याची हवी, आईच्या मनाची नको.

आणि काका, एक विचारते, रागावू नका. तुमच्या मुलाने उद्या फोन केला आणि तुम्ही उचललात, तर तुमच्या मंडळीतले लोक काही म्हणतील का?

साधक६२

म्हणतील.

पाचाड

निशिगंध, तक्रार करायची असेल तर मी येईन तुमच्याबरोबर. पण आधी आईचा विचार करा. तक्रार झाल्यावर वाळीत टाकलेल्याला धीर देणारे आम्ही असतो, पण त्याच घरात मागे राहिलेल्या बाईच्या जवळ कुणी नसतं. हे मी दोनदा पाहिलंय आणि दोन्ही वेळा आम्ही कमी पडलो. कायदा हवाच, या मतावर मी ठाम आहे. तो वापरायचा केव्हा, हे मात्र तुम्हीच ठरवा.

निशिगंध

तक्रार आत्ता करणार नाही. मावशींचा नंबर माझ्याकडे आहे. त्या सांगतात, आई मंगळवारी आणि शुक्रवारी दहाच्या सुमारास मंडईत येते. गेल्या शुक्रवारी मी सव्वादहाला फोन लावला. मावशींनी फोन आईच्या कानाला लावला असणार, कारण मला आधी मंडईचा गलका ऐकू आला आणि मग तिचा श्वास. ती काही बोलली नाही. मीच सांगत राहिले, की मी वेळेवर जेवते.

साधक६२

माझ्या मुलाचा नंबर बदललाय. त्याच्या एका मित्राकडे असेल. विचारतो.