कालवडींना कडब्याऐवजी काय?

प्रश्न: यंदा कडबा परवडेना, ८-१० महिन्यांच्या कालवडी आहेत, सोयाबीनचं भुसकट नि उसाचे वाढे (वरचे हिरवे शेंडे) फुकटात मिळतात त्यावर भागेल का? वाढ खुंटायला नको.

– नुसत्या वाढ्यांवर नको ठेवू भावा, त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम अडकवतं आणि वाढत्या जनावराला तेच तर लागतं. भुसकट चालेल. भुईमुगाचा वाळका पाला मिळाला तर सोडू नको, कडब्याच्या दुप्पट तरी प्रोटीन, फक्त बुरशीचा घेऊ नको.

– गव्हाचं काड असेल तर युरिया प्रक्रिया करा, १०० किलोला ४ किलो युरिया ५०-६० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून शिंपडायचा, दाबून ताडपत्रीखाली २१ दिवस हवाबंद. ६ महिन्यांच्या आतल्या वासरांना अजिबात नाही!

– लसूणघास (हिरवा चारा) असेल तर सावलीत वाळवा, कडक उन्हात पानं झडतात नि काड्याच उरतात.

– वाढे द्यायचेच तर मिनरल मिक्स्चर (कॅल्शियमसारख्या खनिजांची पूड) चालू ठेवा, तिथं कंजूषी नको.