सोलर कुकरमध्ये भात होतो पण तूरडाळ दाताखाली येते, काय करू?

माणदेशी_गडी:
आईने पेटीवाला सोलर कुकर काढलाय परत माळ्यावरून, काळी पेटी, वर डबल काच, झाकणाला आरसा. आम्ही सोलापूरकडचे, ऊन तर फुकट आहे भरपूर, तरी डिसेंबरात आत थर्मामीटर ठेवला तर डबे असताना ९० च्या वर जातच नाही. भात मस्त होतो, डाळ मात्र तीन तास ठेवली तरी कचकच. साडेअकराला ठेवतो, अधूनमधून उघडून बघतो. पेटी बिघडलीय का ऊन कमी पडतंय?

गच्चीवरची_काकू:
अरे पेटी ठीक आहे, ९० वर भात काय, बटाटे पण होतात. आधी ते उघडून बघणं बंद कर, दरवेळी सगळी गरम हवा निघून जाते आणि परत तापायला वेळ. दहालाच रिकामी पेटी उन्हात ठेव, तापू दे, मग डबे आत. डाळ दोन तास तरी भिजवलेली हवी, पाणी गॅसपेक्षा कमी लागतं कारण वाफ बाहेर जात नाही. आणि मीठ, चिंच, टोमॅटो सगळं शिजल्यावर, आंबट आधी घातलं की डाळ हटून बसते बघ.

पाणीवाला:
पाणी बोअरचं वापरताय का? असल्या जड, क्षारांच्या पाण्यातलं कॅल्शियम डाळीच्या पेशींना धरून ठेवणाऱ्या पेक्टिनला घट्ट करतं, कुकरच्या प्रेशरमध्ये ते निभतं, ९० अंशात नाही. फिल्टरचं पाणी घालून एकदा बघा.
आणि आरसा. २१ डिसेंबरच्या आसपास तुमच्याकडे भर दुपारी पण सूर्य साधारण ४९ अंशावरच असतो, त्यामुळे पेटी दक्षिणेकडे तोंड करून आणि आरसा जवळजवळ उभा पाहिजे. मे महिन्यात मागे कलता ठेवतो तसाच ठेवला तर कवडसा काचेवर पडतच नाही, वरूनच समोर निघून जातो. अर्ध्या तासाने पेटी थोडी फिरवत जा.

माणदेशी_गडी:
बोअरचंच पाणी आहे!! आणि आरसा उन्हाळ्यातल्यासारखाच आडवा. उद्याच बदलतो. काकू, राजमा पण जमेल का यात?

गच्चीवरची_काकू:
राजमा नको रे बाबा थेट. कच्च्या राजम्यात लेक्टिन नावाचं विषारी प्रथिन असतं, ८० अंशाला शिजवला तर ते जात नाही, उलट त्याचा विषारीपणा वाढतो म्हणतात, उलट्या जुलाब होतात. रात्रभर भिजवून ते पाणी टाक, नव्या पाण्यात गॅसवर दहा मिनिटं खळखळून उकळ, मग हवा तर पेटीत ठेव. शेंगदाणे मात्र भाज यात, एकही करपत नाही, ढवळायचं पण काम नाही, कूट करायला एकदम झकास.

पाणीवाला:
एवढंच अजून, ऊन उतरलं की अन्न बाहेर काढा. पेटी ६० च्या खाली गेली की आतला भात कोमट राहतो आणि आंबतो, संध्याकाळपर्यंत झाकून ठेवू नका.